मग मारलं कुणी?

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला की कोर्टाच्या व्हरांड्यात दोन घोळके दिसतात. आरोपी सुटला असेल तर एका घोळक्यात पेढे वाटले जातात आणि दुसरा घोळका सरकारी वकिलाची वाट पाहत थांबलेला असतो. मी काही वर्षे सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील म्हणून काम केले, तेव्हा या दुसऱ्या घोळक्याला अनेकदा सामोरा गेलो. लोक चिडतात, रडतात, अपील करा म्हणतात. त्यांना द्यायची उत्तरे ठरलेली असतात. १९९७ साली एका आईने विचारलेल्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या तरुण मुलाचा खून झाला होता. बांधाच्या भांडणावरून त्याच्या चुलतभावावर आरोप होता. पंच फितूर झाले, एका महत्त्वाच्या साक्षीदाराने जबाब फिरवला आणि आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. ती बाई मला म्हणाली, "साहेब, त्यानं नाही मारलं असं कोर्ट म्हणतंय. बरं, नसंल मारलं. मग माझ्या लेकाला मारलं कुणी?"

तिचा प्रश्न हवेतला नव्हता. खटल्यात बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत दुसऱ्याच एका माणसाचे नाव काढले होते. मयत त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर दिसला होता आणि तपासी अंमलदाराने त्याचा साधा जबाबही नोंदवला नव्हता. निकालानंतर मी त्या अधिकाऱ्याला म्हटले, आता तरी त्या माणसाकडे बघा. तो म्हणाला, "बघतो की. पण त्याला धरला, तर त्याचा वकील आपलंच जुनं दोषारोपपत्र माझ्यापुढे धरणार आणि विचारणार, साहेब, तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलताय? मी काय सांगू?"

त्या बोलण्यात थोडी टाळाटाळ होतीच, पण मला ते खोडून काढता आले नाही. पुढे वकिलीतून मोकळा झाल्यावर जुन्या गाजलेल्या खटल्यांचे वाचन सुरू केले, तेव्हा हाच पेच मला वेगवेगळ्या देशांत आणि काळांत दिसू लागला. एक आरोपी निर्दोष सुटतो आणि त्यानंतर दुसऱ्या संशयितावर खटला उभा राहत नाही. असे का होते, हे या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी मी लिव्हरपूल शहरातला १९३१ सालचा एक खटला निवडला आहे, कारण या पेचाचे सगळे पदर त्यात उलगडून दाखवता येतात.

*

आधी एक गैरसमज दूर करू. एका गुन्ह्यासाठी एकदाच खटला चालवता येतो, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) ने आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने दिलेले संरक्षण माणसाला आहे, गुन्ह्याला नाही. ज्याच्यावर खटला चालून निकाल लागला, त्याच माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. दुसऱ्या माणसावर चालवायला कायद्याची आडकाठी नाही. इंग्लंडमधला जुना नियमही हाच होता. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात दार उघडे आहे. तरीही त्या दारातून क्वचितच कोणी आत जाते. अडचण पुराव्यात आहे, आणि पुरावा ज्या पद्धतीने गोळा केला जातो त्या पद्धतीत आहे.

*

विल्यम हर्बर्ट वॉलेस हा प्रुडेन्शियल विमा कंपनीचा वसुली प्रतिनिधी होता. दारोदार जाऊन हप्ते गोळा करायचे आणि बुधवारी कंपनीत भरणा करायचा, असे त्याचे काम. वय ५२, उंच, सडपातळ आणि प्रकृतीने नाजूक. तरुणपणी तो नशीब काढायला हिंदुस्थानात आला होता. कलकत्त्याच्या व्हाइटवे लेडलॉ या कापडाच्या मोठ्या दुकानात त्याने नोकरी केली. याच कंपनीचे दुकान मुंबईत हॉर्नबी रोडवरही होते. तिथून तो शांघायला गेला. पण मूत्रपिंडाच्या दुखण्याने हैराण होऊन त्याला मायदेशी परतावे लागले. १९१४ मध्ये त्याने ज्युलियाशी लग्न केले. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड भागात २९, वूल्व्हर्टन स्ट्रीट या छोट्या घरात दोघे राहत. मूलबाळ नव्हते. ती पियानो वाजवी, तो व्हायोलिन शिकत होता. शिवाय त्याला बुद्धिबळाचा नाद होता.

सोमवार, १९ जानेवारी १९३१. शहरातल्या सिटी कॅफेमध्ये बुद्धिबळ मंडळाच्या लढती होत्या. संध्याकाळी सातच्या पुढे कॅफेत फोन आला. फोन करणाऱ्याने आपले नाव आर. एम. क्वाल्ट्रो असे सांगितले आणि वॉलेससाठी निरोप ठेवला: उद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला २५, मेन्लव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर यावे, विम्याचे काम आहे. वॉलेस तेव्हा कॅफेत पोचायचा होता. मंडळाच्या कप्तानाने निरोप लिहून घेतला आणि तो आल्यावर त्याला दिला. फोन जोडताना काही घोटाळा झाल्यामुळे टेलिफोन खात्याकडे त्या फोनची नोंद राहिली होती. तो वॉलेसच्या घरापासून सुमारे चारशे यार्डांवरच्या सार्वजनिक फोनपेटीतून केलेला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉलेस ट्रामने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. मेन्लव्ह गार्डन्स नॉर्थ, साउथ आणि वेस्ट असे तीन रस्ते तिथे होते. ईस्ट नावाचा रस्ताच नव्हता. त्याने वाटसरूंना विचारले, गस्तीवरच्या पोलिसाला विचारले, वर्तमानपत्रे विकणाऱ्या दुकानात चौकशी केली आणि शेवटी परत फिरला. पावणेनऊच्या सुमारास घरी आला तर दार उघडेना. शेजारचे जोडपे बाहेर निघत होते, त्यांच्या देखत मागचे दार उघडले. पुढच्या बैठकीच्या खोलीत ज्युलिया मरून पडली होती. डोक्यावर अनेक घाव होते. तिच्या अंगाखाली वॉलेसचाच रेनकोट होता, थोडा जळलेला. हप्त्यांच्या पेटीतले सुमारे चार पौंड गेले होते. पेटी मात्र जागच्या जागी फळीवर ठेवलेली होती.

पोलिसांनी थोड्याच दिवसांत मत बनवले की क्वाल्ट्रो म्हणजे वॉलेसच. स्वतःच फोन करून त्याने आपल्याला बाहेर जायचे निमित्त तयार केले, निघण्यापूर्वी बायकोला मारले आणि मग साक्षीदार गोळा करत नसलेला रस्ता शोधत हिंडला. २ फेब्रुवारीला त्याला अटक झाली.

यापुढचा भाग मी मुद्दाम सरकारी वकिलाच्या नजरेने वाचला. एकदा माणूस ठरला की पुरावा त्या माणसाच्या मापाने बेतला जातो. यात दरवेळी लबाडी असते असे नाही. शिंपी जसा समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन कापड कापतो, तसे ते होते.

वेळेचेच पाहा. दूध टाकणारा १४ वर्षांचा मुलगा ज्युलियाशी दारात बोलला होता, म्हणजे तेव्हा ती जिवंत होती. वॉलेस ७ वाजून ६ मिनिटांनी दूरच्या ट्रामथांब्यावर कंडक्टरशी बोलताना दिसला होता. म्हणजे तो ६ वाजून ४९ मिनिटांच्या आत घरातून निघालेला असला पाहिजे. मुलाने आपल्या मित्रांना सुरुवातीला पावणेसात ही वेळ सांगितली होती. ती खरी धरली तर वॉलेसला खून करून, रक्त धुऊन, घर नीट करून निघायला जेमतेम चार मिनिटे मिळतात. खटल्यात त्या मुलाची वेळ साडेसहा झाली. मृत्यूच्या वेळेबाबत प्रा. मॅकफॉल यांची साक्ष होती. रात्री दहाच्या सुमारास त्यांनी मृतदेह तपासला, पण शरीराचे तापमान घेतले नाही. केवळ शरीराच्या ताठरपणावरून अंदाज बांधला. त्यांचा सुरुवातीचा अंदाज रात्री आठच्या आसपासचा होता. खटल्यात तो संध्याकाळी सहापर्यंत मागे सरकला. दोन्ही वेळा सरकल्या त्या वॉलेसच्या दिशेने.

वॉलेसच्या अंगावर किंवा कपड्यांवर रक्ताचा थेंब सापडला नव्हता. तेव्हा सरकार पक्षाने सुचवले की त्याने उघड्या अंगावर रेनकोट घालून खून केला असावा. हत्यार कधीच मिळाले नाही. फोन घेणारा कप्तान वॉलेसला वर्षानुवर्षे ओळखत होता. तो आवाज वॉलेसचा होता असे म्हणायला त्याने साफ नकार दिला.

२२ ते २५ एप्रिल १९३१ असे चार दिवस सेंट जॉर्जेस हॉलमध्ये खटला चालला. सरकारतर्फे हेमर्डी आणि बचावासाठी रोलंड ऑलिव्हर उभे होते. न्या. राइट यांनी ज्यूरीपुढे केलेला समारोप निर्दोष सुटकेकडे झुकणारा होता. तरी ज्यूरीने तासाभरात दोषी असा निकाल दिला आणि वॉलेसला फाशीची शिक्षा झाली. त्याच्या बाजूने कंपनीतल्या सहकाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्यांनी आधीच आपापसांत एक खासगी अभिरूप खटला चालवून तो निर्दोष आहे असा कौल घेतला होता आणि बचावाचा खर्च उचलला होता. अपिलाच्या वेळी लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये न्यायमूर्तींना योग्य बुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना झाली. १९ मे रोजी लॉर्ड ह्यूअर्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या फौजदारी अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. हे न्यायालय १९०७ च्या कायद्याने अस्तित्वात आले होते. निकालाला पुराव्याचा आधार नाही, एवढ्या एकाच कारणावर खुनाची शिक्षा रद्द होण्याचा हा पहिला प्रसंग होता.

वॉलेस मोकळा झाला. आणि 'मग मारलं कुणी' हा प्रश्न लिव्हरपूलच्या पोलिसांपुढे येऊन उभा राहिला.

*

दुसरा संशयित त्यांना शोधावा लागणार नव्हता. त्याचे नाव त्यांच्याच कागदांत होते. खुनानंतर दोनच दिवसांनी दिलेल्या जबाबात वॉलेसने, आपण घरी नसताना ज्युलियाने ज्यांना आत घेतले असते अशा ओळखीच्या माणसांची नावे सांगितली होती. त्यात रिचर्ड गॉर्डन पॅरी या २२ वर्षांच्या तरुणाबद्दल तो सविस्तर बोलला होता. पॅरी पूर्वी याच विमा कंपनीत होता. वॉलेस आजारी असताना त्याने त्याच्या भागातली वसुली केली होती आणि त्या वसुलीच्या हिशेबात तफावत निघाली होती. पैशाची पेटी कुठे असते, भरणा कोणत्या वारी होतो, हे त्याला माहीत होते. तो ज्या हौशी नाटकमंडळीत होता तिच्या तालमी त्याच सिटी कॅफेत होत. बुद्धिबळाच्या लढतींचे वेळापत्रक तिथे भिंतीवर लावलेले असे.

पोलिसांनी त्याला विचारले होते. सोमवारी फोनच्या वेळी आपण मैत्रिणीच्या घरी होतो असे तो म्हणाला. पण त्याने सांगितलेली वेळ आणि तिच्या घरच्यांनी सांगितलेली वेळ जुळत नव्हती. मंगळवारी संध्याकाळी साधारण साडेआठपर्यंत आपण एका परिचित कुटुंबाकडे होतो असे त्याने सांगितले, आणि त्या घरच्यांनी दुजोरा दिला. पोलिसांनी त्याला सोडून दिले. हे जबाब फायलीत पडून राहिले आणि अभ्यासकांच्या हाती आले ते अनेक दशकांनंतर.

पॅरीने खून केला असे मी म्हणत नाही. त्याच्यावर कधी आरोप ठेवला गेला नाही आणि आता तसा निवाडा कोणीच देऊ शकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, जून १९३१ मध्ये पोलिसांना त्याच्यावर खटला भरायचा असता, तर तो भरता आला असता का? मी मनाशी तो खटला उभा करून पाहिला.

पहिला साक्षीदार म्हणून तपासप्रमुख पिंजऱ्यात येईल. पॅरीचा वकील विचारेल: एप्रिलमध्ये तुम्ही शपथेवर सांगितलेत की हा फोन वॉलेसने केला. तेव्हा तुमची खात्री होती ना? ती खात्री कोणत्या नव्या गोष्टीमुळे गेली? वरच्या कोर्टाने फक्त पुरावा अपुरा आहे असे म्हटले, वॉलेस निष्पाप आहे असे म्हटले नाही, हे बरोबर ना?

नंतर प्रा. मॅकफॉल. मृत्यू सहाच्या सुमारास झाला असे त्यांनी शपथेवर सांगितले आहे. मंगळवारच्या संध्याकाळी पॅरी दुसऱ्याच घरात बसला होता असे साक्षीदार सांगतात. त्याला गोवायचे तर मृत्यूची वेळ पुन्हा हलवावी लागेल. तज्ज्ञाने एकदा वेळ बदलली तर न्यायालय समजून घेईल. दुसऱ्यांदा बदलली तर त्याच्या शास्त्रावर कोण विश्वास ठेवील? दूधवाल्या मुलाचेही तेच.

मग घटनास्थळ. पोलिसांनी घर वॉलेसला डोळ्यांपुढे ठेवून तपासले. रेनकोट त्याचा, न्हाणीघर त्याचे, हिशेबाचे कागद त्याचे. तिसऱ्या माणसाच्या खुणा शोधायच्या हेतूने ते पाहिले गेले नाही, आणि आता पाहायला काही उरले नाही.

शेवटी सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार कोण? स्वतः वॉलेस. पेटी कुठे असे, पॅरी घरी येत असे का, ज्युलियाने त्याला आत घेतले असते का, हे सांगणारा तोच एक. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी ज्याला फाशी द्या म्हणून सरकारने मागणी केली, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवा असे सरकारला म्हणावे लागणार. पॅरीच्या वकिलाला वेगळा बचाव उभा करायची गरजही पडली नसती. हेमर्डी यांचे भाषण त्याने वाचून दाखवले असते तरी पुरे होते. त्या भाषणावर बारा ज्यूरर एकमताने दोषी म्हणाले होते. संशयाला जागा आहे, एवढेच तर बचावाला दाखवायचे असते.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पहिल्याची निर्दोष सुटका ही सरकार आणि तो माणूस यांच्यापुरती असते. दुसरा आरोपी त्या खटल्यात पक्षकार नसतो, म्हणून तो निकाल त्याला बांधत नाही. 'खरा खुनी पहिलाच, पुराव्याअभावी सुटला', असे तो खुशाल म्हणू शकतो. सुटलेल्या माणसाला पुन्हा शिक्षा होऊ शकत नाही, पण त्याच्यावरचा संशय दुसऱ्याच्या कामी येतो. पोलिसांनी पहिल्याविरुद्ध जितकी मेहनत घेतली असेल, तितका दुसऱ्याचा बचाव भक्कम होतो.

लिव्हरपूलमध्ये दुसरा खटला झाला नाही. वॉलेस कामावर परतला, पण ओळखीचे लोक रस्ता बदलून जाऊ लागले. कंपनीने त्याला कचेरीत बसायचे काम दिले. शहर सोडून तो नदीपलीकडे ब्रॉमबरो इथे राहायला गेला आणि २६ फेब्रुवारी १९३३ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. खुनी कोण ते आपल्याला माहीत आहे असे त्याने एका साप्ताहिकातल्या लेखमालेत सूचित केले होते, पण नाव लिहिणे शक्य नव्हते. पुढे १९६६ मध्ये दोन अभ्यासकांनी पॅरीला लंडनमध्ये गाठले, तेव्हा त्याने या खुनाबद्दल बोलायचे टाळले. त्यातले जोनाथन गुडमन यांचे पुस्तक १९६९ साली आले. त्यातही अब्रुनुकसानीच्या भीतीने पॅरीचे नाव नव्हते. पॅरी १९८० मध्ये वारला आणि दुसऱ्याच वर्षी लिव्हरपूलच्या एका नभोवाणी केंद्राने ते जाहीर केले. त्या वेळी एका वृद्ध गॅरेज कामगाराने सांगितले की खुनाच्या रात्री पॅरीने आपल्याकडून मोटार धुऊन घेतली होती, आत रक्ताळलेला हातमोजा होता, आणि हे आपण तेव्हाच पोलिसांना सांगितले होते. पन्नास वर्षांनंतरच्या या आठवणीला किती वजन द्यायचे यावर मतभेद आहेत. पी. डी. जेम्स यांच्यासारख्या जाणत्या लेखिकेने २०१३ साली पुन्हा वॉलेसकडेच बोट दाखवले. म्हणजे न्यायालयाने १९३१ साली सोडलेला माणूस अजूनही सुटलेला नाही, आणि ज्याच्यावर कधी खटलाच झाला नाही त्याच्यावरचा संशयही फिटलेला नाही. दुसरा खटला न होण्याची किंमत दोघांनीही मोजली. ज्युलियाच्या वाट्याला तर काहीच आले नाही.

*

पुराव्याच्या अडचणीला पोलीस खात्याच्या अहंकाराची जोड मिळाली म्हणजे काय होते, ते ग्लासगोच्या ऑस्कर स्लेटर प्रकरणात दिसते. २१ डिसेंबर १९०८ रोजी मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्धेचा खून झाला. १९०९ मध्ये स्लेटरला बहुमताने दोषी ठरवले गेले. त्याची फाशी ऐनवेळी जन्मठेपेत बदलली. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ साली त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली. पुढे जॉन ट्रेंच या तिथल्याच पोलीस अधिकाऱ्याने, खुनाच्या रात्री मोलकरणीने दुसऱ्याच कोणाचे नाव घेतले होते, अशी माहिती बाहेर दिली. १९१४ मध्ये चौकशी झाली. तिच्यातून स्लेटर सुटला नाही, उलट ट्रेंचलाच नोकरीतून काढून टाकले गेले. स्लेटरची शिक्षा रद्द व्हायला १९२८ साल उजाडले, तोवर त्याची अठराहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती आणि ट्रेंच हयात नव्हता. त्या खुनासाठी दुसऱ्या कोणावरही खटला झाला नाही.

याच्या उलट एक प्रकरण सांगतो, कारण ही गोष्ट अशक्य नाही हे त्यातून कळते. १५ जुलै १९९२ रोजी लंडनच्या विम्बल्डन कॉमन या मोकळ्या रानात रेचल निकेल या तरुण आईचा तिच्या दोन वर्षांच्या मुलादेखत खून झाला. पोलिसांची नजर एका स्थानिक माणसावर बसली. पुरावा मिळेना, तेव्हा एका महिला पोलिसाला मैत्रीण बनवून त्याच्याकडे पाठवले गेले. सप्टेंबर १९९४ मध्ये न्या. ऑग्नल यांनी तो सगळा पुरावा नाकारला आणि तो माणूस निर्दोष सुटला. पोलिसांचे लक्ष त्याच्यावर खिळलेले असतानाच, नोव्हेंबर १९९३ मध्ये, रॉबर्ट नॅपर नावाच्या मनोरुग्णाने शहराच्या दुसऱ्या भागात एका तरुण आईचा आणि तिच्या चिमुकल्या मुलीचा खून केला होता. त्या गुन्ह्यासाठी तो मनोरुग्णांच्या कोठडीत गेला. पुढे निकेल प्रकरणातले जपून ठेवलेले नमुने नव्या डीएनए तंत्राने तपासले गेले आणि ते नॅपरशी जुळले. डिसेंबर २००८ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

दुसऱ्या संशयितापर्यंत कायदा इथे पोचला, तो दोन कारणांनी. पहिल्या खटल्यात कोणी काय साक्ष दिली यावर हा नवा पुरावा अवलंबून नव्हता, त्यामुळे जुने दोषारोपपत्र त्याला आडवे आले नाही. आणि मुख्य म्हणजे, पहिला आरोपी सुटल्यावरही कोणीतरी ते नमुने टाकून दिले नव्हते.

*

आता आपल्याकडे येतो. ७ जानेवारी २०१४ रोजी गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला. प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर तपासात आणि खटल्यात काय चुकले हे राज्यांनी तपासावे, त्यासाठी यंत्रणा उभारावी आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असे त्यात सांगितले आहे. आदेश योग्यच होता. पण चूक कोणाची एवढ्यावर ही चौकशी थांबते. गुन्हा कोणी केला, हा प्रश्न पुन्हा हाती घेणे तिला बंधनकारक नाही. पुढील तपासाची तरतूद कायद्यात आहे, पण तो तपास ज्याच्याकडे जायचा तो बहुधा त्याच ठाण्यातला, त्याच फायलीचा वारसदार असतो.

आणि मग निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद येतो. बाहेरच्या माणसाचे त्याकडे लक्ष जात नाही. वकिलांचेही जात नाही, माझेही गेले नव्हते. खटला संपल्यावर मुद्देमालाचे काय करायचे, हे न्यायालयाने ठरवायचे असते. मौल्यवान वस्तू हक्कदाराला परत द्यायच्या, बाकीचा मुद्देमाल निरुपयोगी म्हणून अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायचा, असा तो साच्यातला आदेश असतो. शिक्षा झालेल्या खटल्यात तो ठीक आहे. आरोपी सुटलेल्या खुनाच्या खटल्यातही तोच साचा वापरला जातो. न्यायालय एका परिच्छेदात म्हणते की गुन्हा या माणसाने केल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि पुढच्याच परिच्छेदात गुन्हा कोणी केला हे सांगू शकेल अशी शेवटची वस्तू जाळायला सांगते. सरकारी वकिलाने एक अर्ज दिला तर हे थांबवता येते. एवढे तरी नियमात यायला हवे: खुनात आरोपी सुटला तर मुद्देमाल सीलबंद जपावा आणि फाइल दुसऱ्या, वरच्या अधिकाऱ्याकडे नव्या नजरेने पाहायला द्यावी.

१९९७ च्या त्या खटल्यात मी असा अर्ज दिला नाही. अपील करण्यासारखे प्रकरण नाही, असा अभिप्राय मीच लिहिला. तो कायद्याने बरोबर होता. काही महिन्यांनी ती आई पुन्हा कोर्टात आली, मुलाचे मनगटी घड्याळ न्यायला. आदेशात ते तिला परत द्यायचे होते. नाझराने पावतीवर तिचा अंगठा घेतला आणि घड्याळ तिच्या हातात दिले. तिने विचारले, "आणि सदरा?" तो मिळणार नाही असे त्याने सांगितले. रक्ताचे डाग असलेला सदरा आणि शेतात सापडलेली, कोणाची ते कधीच न ठरलेली टॉवेलची चिंधी, दोन्ही नष्ट करायच्या यादीत होते. त्यावर कोणाचे रक्त होते आणि कोणाचा घाम होता, हे सांगणारे तंत्र पुढे आपल्या जिल्ह्यांपर्यंतही आले. तोवर मुद्देमालाच्या कपाटात त्या क्रमांकापुढे 'नष्ट' असा शेरा पडलेला होता.